रोजानं लावायचं की ठेक्यानं द्यायचं? सॉफ्टवेअरची माणसं आणि सॉफ्टवेअरचं काम

(हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

सेवाग्राम स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत असाल, हिंगणघाटच्या बसमध्ये खिडकीशी बसला असाल किंवा होस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधत असाल, जिथं असाल तिथं इअरफोन नीट लावा. आजचा विषय दोन जड इंग्रजी शब्दांचा आहे: स्टाफ ऑगमेंटेशन आणि आउटसोर्सिंग. घाबरू नका, हे दोन्ही शब्द तुमच्या आजोबांना माहीत होते. फक्त त्यांची नावं वेगळी होती.

आपल्या वर्धा जिल्ह्यात ज्याच्या घरी शेती आहे त्याला हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. चार दिवस पावसानं उघडीप दिली, पऱ्हाटीत तण माजलं, निंदणाला बाया लावायच्यात. रोजानं लावायच्या की ठेक्यानं द्यायचं? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते भाव आधी विचारत नाही. ते विचारते, "तू सोता धुऱ्यावर उभा राहशीन का? राहशीन तं रोजानं लाव. नाही तं ठेक्यानं दे, पण मंग तास न् तास पाहून पैसे दे."

मित्रांनो, आजचा अख्खा भाग या दोन वाक्यांत आहे. आता ती सॉफ्टवेअरच्या शेतात नेऊन पाहू.

दोन पद्धती, दोन हिशोब

रोजानं लावलं की तुम्ही दिवसाचे पैसे देता. कोणतं तास आधी घ्यायचं, खुरपं किती खोल लावायचं, दुपारी पाऊस आला तर काय करायचं, हे सगळं तुम्ही सांगता. तुम्ही घरी झोपून राहिलात आणि काम अर्धंच झालं, तर दोष तुमचा.

ठेक्यानं दिलं की एकरी भाव ठरतो. किती बाया आल्या, किती वाजता आल्या, याच्याशी तुमचा संबंध नाही. मात्र घाई त्यांच्या फायद्याची असते. तण वरून कापलं गेलं आणि मूळ तसंच राहिलं तर आठ दिवसांत वावर पुन्हा हिरवं होतं. यात कोणी वाईट नाही हं. पैसे ज्या गोष्टीचे दिले जातात, तिकडं काम झुकतं. रोजात वेळेचे पैसे आहेत, ठेक्यात एकराचे.

स्टाफ ऑगमेंटेशन म्हणजे रोजानं माणसं लावणं. एखाद्या एजन्सीकडून तुम्ही तीन डेव्हलपर महिन्याच्या दरानं घेता. पगार त्यांना एजन्सी देते, पण सकाळच्या मीटिंगमध्ये ते तुमच्या टीमबरोबर बसतात आणि काम तुम्ही सांगता. आउटसोर्सिंग म्हणजे ठेका. अमुक अ‍ॅप, अमुक तारखेला, अमुक रकमेत. आत किती माणसं लावायची ते समोरची कंपनी बघते. आणि तिसरा प्रकार तुम्हाला माहीतच आहे, सालदार. म्हणजे आपल्या पगारावरचा आपला माणूस. त्याला विसरू नका, शेवटी पुन्हा त्याच्याकडंच यायचंय.

आपला आयटी धंदा रोजानंच सुरू झाला

थोडा इतिहास सांगतो, कारण हे दोन प्रकार आकाशातून पडलेले नाहीत.

१९८१ साली पुण्यात सात इंजिनियरांनी दहा हजार रुपये भांडवलावर इन्फोसिस सुरू केली. कंपनीकडं सुरुवातीला स्वतःचा कॉम्प्युटरही नव्हता. कॉम्प्युटर आयात करायचा तर परवाना, परवान्यासाठी दिल्लीच्या चकरा. मग काम कसं करायचं? पहिला क्लायंट न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. बहुतेक संस्थापक स्वतः अमेरिकेत गेले आणि क्लायंटच्या जागेवर, क्लायंटच्या मशीनवर बसून काम करत राहिले. त्या काळात या प्रकाराला लोक जरा हिणवून 'बॉडी शॉपिंग' म्हणायचे. आज त्याचंच सुटाबुटातलं नाव स्टाफ ऑगमेंटेशन.

मग काय बदललं? तार बदलली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बेंगळुरूत केंद्र काढलं आणि उपग्रहाच्या लिंकवरून तिथलं काम अमेरिकेत जाऊ लागलं. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. तिच्यामुळं लहान कंपन्यांनाही निर्यातीसाठी डेटा लिंक मिळायला लागली. माणूस विमानात बसवण्याऐवजी काम तारेवरून इकडं आणता येऊ लागलं, आणि अख्खा प्रोजेक्ट ठेक्यानं घेणं शक्य झालं. पुण्याचीच पर्सिस्टंट ही कंपनी १९९० मध्ये सुरू झाली. दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी त्यांचं प्रॉडक्ट बनवून द्यायचं, हाच तेव्हा तिचा मुख्य धंदा होता. आज पर्सिस्टंटचं केंद्र नागपुरात आहे. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. वर्ध्याहून रेल्वेनं तास-सव्वा तासाच्या अंतरावर हे दोन्ही प्रकारचं काम चालतं. तुमच्यापैकी कितीतरी जण पासधारक होऊन रोज तिकडं जातही असतील.

म्हणजे एक प्रकार मागासलेला आणि दुसरा पुढारलेला असं नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या वावराला कोणता लागतो.

हिंगणघाटचं एक उदाहरण

आता हिशोब करू. उदाहरण काल्पनिक आहे आणि रकमाही मी सोयीच्या धरल्यात, पण अडचणी खऱ्या आहेत.

समजा, हिंगणघाट भागात एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. आठशे सभासद, सगळे कापूसवाले. त्यांना सॉफ्टवेअर हवंय. गाडी आली की वजनकाट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये, ओलावा किती ते नोंदवायचं, काटापट्टी मोबाईलवर, आणि चुकारे थेट बँक खात्यात. आता मे महिना चालू आहे. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागतो. हातात पाच महिने.

रस्ता पहिला: एजन्सीकडून तीन डेव्हलपर, प्रत्येकी महिन्याला ऐंशी हजार. तीन माणसं, पाच महिने, १२ लाख.

रस्ता दुसरा: नागपूरची एक कंपनी म्हणते, सगळं करून देतो, ११ लाख.

जीएसटी दोन्हीकडं १८ टक्के, म्हणून तो बाजूला ठेवू. संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये काय होईल? "अकरावाला स्वस्त आहे, द्या त्याला." विषय संपला, चहा आला.

थांबा. या तीन डेव्हलपरना रोज काम कोण सांगणार? त्यांनी लिहिलेला कोड कोण तपासणार? कंपनीत असा माणूस नसेल तर तो आणावा लागेल. समजा, महिना लाखाचा एक अनुभवी लीड आणला. पाच महिन्यांचे पाच लाख. पहिला रस्ता १२ वरून १७ वर गेला.

आता दुसरा रस्ता. करारात लिहिलंय, 'ओलावा नोंदवणे'. ऑक्टोबर उजाडला आणि लक्षात आलं, नुसता नोंदवून भागत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, आठच्या वर बारापर्यंत कपात, आणि बाराच्या पुढं माल घेतच नाहीत. आपल्यालाही तसा कपातीचा तक्ता हवा. कंपनी म्हणते, हे करारात नव्हतं, याचे वेगळे. मग लक्षात आलं, सातबारा एका भावाच्या नावावर आणि कापूस आणणारा दुसरा, चुकारा कोणाच्या खात्यात? हेही करारात नव्हतं. असे सहा बदल, प्रत्येकी चाळीस हजार धरले तर २ लाख ४० हजार. ११ चे झाले १३ लाख ४० हजार.

तरीही १७ पेक्षा स्वस्तच, नाही का? हो. पण समजा, त्या कंपनीत आधीपासून पगारावर एक इंजिनियर आहे, ज्याला कापूसही कळतो आणि कोडही कळतो. मग लीडचे पाच लाख लागत नाहीत. पहिला रस्ता पुन्हा १२ वर येतो आणि दुसरा १३ लाख ४० हजारांवर राहतो. शिवाय पहिल्या रस्त्यात ओलाव्याचा बदल सोमवारी सांगितला की शुक्रवारपर्यंत होतो, त्यासाठी नवं कोटेशन लागत नाही.

बघा, दोन्ही कोटेशनमधला एकही आकडा बदलला नाही. बदललं एवढंच की धुऱ्यावर उभा राहणारा माणूस घरात आहे की नाही. म्हणून दर विचारायच्या आधी हा प्रश्न विचारा.

माणसं वाढवली म्हणजे वेग वाढतो का?

रोजाच्या पद्धतीत एक मोह असतो. सप्टेंबर आला, काम अर्धंच झालंय, मग एजन्सीला फोन: "आणखी पाच जण पाठवा."

फ्रेडरिक ब्रुक्स नावाच्या माणसानं आयबीएममध्ये एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावर त्यानं १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की आधीच उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली तर काम आणखी लांबतं. का? कारण नव्याला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो. आणि माणसं वाढली की आपसात बोलण्याच्या जोड्या वाढतात. पाच माणसांत दहा जोड्या होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. माणसं दुप्पट, बोलणं साडेचार पट.

निंदणात असं होत नाही. दहा बायांच्या जागी वीस लावल्या तर प्रत्येकीला आपली पात मिळते आणि वावर खरंच लवकर होतं. कोडमध्ये एकाची पात दुसऱ्याच्या पातीतून जाते. शेताची उपमा इथं संपते, हेही लक्षात ठेवा. माणसं वाढवायचीच असतील तर मे-जूनमध्ये वाढवा, सप्टेंबरमध्ये नाही.

ठेका दिला म्हणजे जबाबदारी गेली का?

आता ठेक्याचा मोह. "करार झालाय, आता त्यांचं ते बघतील."

एक मोठं, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. आयकर विभागाचं नवं ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झालं. काम इन्फोसिसकडं होतं, कंत्राट ४,२४२ कोटींचं, अनेक वर्षांच्या देखभालीसकट. पोर्टल सुरू झालं आणि तक्रारींचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये तर ते दोन दिवस बंदच होतं. अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं, पंधरा सप्टेंबरची मुदत दिली. रिटर्न भरायची तारीख वाढवत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. नंतर पोर्टल सुधारलं, आज कोट्यवधी लोक ते वापरतात. पण त्या महिन्यांत साध्या करदात्यानं कुणाला बोल लावले? सरकारला. त्याचा इन्फोसिसशी करार नव्हता. काम ठेक्यानं देता येतं, नाव ठेक्यानं देता येत नाही.

आपल्या हिंगणघाटच्या कंपनीचंही तेच. चुकारा चुकला तर शेतकरी नागपूरच्या सॉफ्टवेअर कंपनीचा पत्ता शोधणार नाही. तो तुमच्या गेटवर येईल.

मग काय द्यायचं आणि काय हातात ठेवायचं? याचं चांगलं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पासपोर्ट काढायला पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात की आधी 'ए' काउंटर. फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन करणं. तिथं टीसीएसचे कर्मचारी असतात. मग 'बी' आणि 'सी' काउंटर, कागद तपासणं आणि पासपोर्ट द्यायचा की नाही ते ठरवणं. तिथं सरकारी अधिकारी. म्हणजे रांग, मशीन, सॉफ्टवेअर हे बाहेर दिलं, पण निर्णय घरात ठेवला. तसं आपल्या उदाहरणात स्क्रीन, एसएमएस, काट्याची जोडणी बाहेर द्या. पण कपातीचा नियम काय, चुकाऱ्यावर शेवटचं बटण कोण दाबतो, हे घरात ठेवा.

कोड कोणाचा?

हा भाग झोपेत असाल तर जागे होऊन ऐका, कारण इथं भलेभले फसतात.

"पैसे मी दिले म्हणजे कोड माझा." आपल्या कायद्यात हे इतकं सरळ नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत धरलाय. कलम १७ प्रमाणे नोकरीत असलेल्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. पण इथं मालक म्हणजे कोण? ज्याच्याकडं तो नोकरीला आहे तो. तुम्ही ठेका दिला तर डेव्हलपर त्या कंपनीचा नोकर आहे. तुम्ही रोजानं माणसं घेतली तर तो एजन्सीचा नोकर आहे. तो पाच महिने तुमच्या ऑफिसात बसला, तुमचा डबा खाल्ला, तरी तो तुमचा नोकर नाही.

म्हणून दोन्ही पद्धतींत कोडचे हक्क तुमच्याकडं लेखी आणि सहीनिशी यावे लागतात. कलम १९ तेच सांगतं. आणि त्यात एक बारीक काटा आहे: करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणजे 'कायमचे' आणि 'जगभरासाठी' हे शब्द करारात हवेत. वकिलाला दाखवा, पण वकिलाकडं जाताना हे दोन शब्द खिशात घेऊन जा.

दुसरी गोष्ट डेटाची. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक तुमच्या सिस्टिममध्ये आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. त्यात स्पष्ट आहे, की डेटावरचं काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदार तुम्हीच. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून टेस्टिंगसाठी बाहेरच्या टीमला खरी यादी पाठवू नका. खोटी नावं, खोटे नंबर टाकून यादी बनवायला एक दुपार लागते.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. कोडचं रिपॉझिटरी, सर्व्हर, डोमेन, प्ले स्टोअरचं खातं, एसएमएसचं खातं, हे सगळं पहिल्या दिवसापासून तुमच्या संस्थेच्या ईमेलवर उघडा आणि बाहेरच्यांना प्रवेश द्या. उलटं करू नका. त्यांच्या खात्यात सगळं ठेवून शेवटी मागायला गेलात आणि मधे बिलावरून भांडण झालेलं असलं, तर अ‍ॅप तुमच्या नावाचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मग ठरवायचं कसं?

चार प्रश्न विचारा. कागदावर उत्तरं लिहा, तोंडी नको.

पहिला: रोज काम सांगणारा आणि तपासणारा माणूस आपल्याकडं आहे का? असेल तर रोजाची पद्धत चालेल. नसेल तर ती घेऊच नका, तीन माणसं पगार घेत बसतील आणि चूक त्यांची नसेल.

दुसरा: काम पूर्ण झालं म्हणजे काय झालं, हे आज दोन पानांत लिहिता येतं का? येत असेल तर ठेका चालेल. 'चांगलं अ‍ॅप बनवा' याला लिहिणं म्हणत नाहीत. 'काट्यावरून गाडी उतरल्यापासून दोन मिनिटांत शेतकऱ्याच्या मोबाईलवर काटापट्टी गेली पाहिजे, नेट नसेल तर नोंद साठून राहिली पाहिजे', याला म्हणतात. हे जमत नसेल तर अख्खा ठेका देऊ नका. आधी तीन आठवड्यांचं छोटं काम द्या, नुसत्या काटापट्टीचं. त्यातून कंपनी कशी आहे तेही कळेल आणि आपल्याला काय हवंय तेही.

तिसरा: काम किती बदलणार? दर आठवड्याला बदलणार असेल तर ठेक्यात रोज भांडण होईल. ठरलेलं असेल, समजा जुन्या वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायच्या, तर रोजानं माणसं लावून डोक्याला ताप कशाला? ठेक्यानं द्या.

चौथा: हे लोक गेल्यावर पुढच्या हंगामात हे कोण चालवणार? याचं उत्तर 'तेच' असेल तर देखभालीचा करार आजच करा. उत्तर 'आपण' असेल तर तो 'आपण' कोण, त्याचं नाव लिहा. आणि शेवटचा हप्ता तेव्हाच द्या, जेव्हा तुमचा माणूस कोऱ्या लॅपटॉपवर, फक्त त्यांनी लिहून दिलेले कागद वाचून, सगळी सिस्टिम उभी करून दाखवेल. ठेकेदारानं करून दाखवलं तर ते मोजायचं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, चारही प्रश्न फिरून एकाच जागी येतात. सालदार हवा. एक तरी माणूस घरचा हवा. तो सगळा कोड लिहीलच असं नाही, पण त्याला वावर पाठ पाहिजे. बाहेरून किती माणसं लावायची आणि कशी, ते त्याच्यानंतरचं.

आणि तुम्ही खुरपं धरणाऱ्या बाजूला असाल तर?

आपल्या श्रोत्यांपैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर विकत घेणारे नाहीत हे मला माहीत आहे. तुम्ही सेवाग्रामच्या बापूराव देशमुख कॉलेजमधून किंवा नागपुरातून पास झालेले, हातात ऑफर घेऊन बसलेले. घरी सगळे विचारतायत, "कंपनी कोणती?" आणि तुम्ही एका मोठ्या बँकेचं नाव सांगताय, पण ऑफर लेटरवर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. म्हणजे तुम्ही रोजाच्या पद्धतीत चाललात. त्यात लाज नाही. हा अख्खा धंदा तसाच उभा राहिला, आत्ताच सांगितलं. पण माहीत असलं पाहिजे.

सही करायच्या आधी विचारा. पगार आणि पीएफ कोण भरणार? अनुभवाचं पत्र कोणाच्या नावानं मिळणार? क्लायंटचं काम संपलं तर मला बेंचवर किती दिवस आणि किती पगारावर ठेवणार? माझं काम रोज कोण बघणार, म्हणजे मी शिकणार कुणाकडून? बॉण्ड आहे का, आणि किती रकमेचा? उत्तर तोंडी मिळालं तर म्हणा, "सर, एवढं ईमेलवर पाठवाल का?" चांगली कंपनी पाठवते.

आणि नोकरीसाठी कुणी ट्रेनिंगच्या, डिपॉझिटच्या, लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे मागितले तर तिथून उठा. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेत नाहीत.

रोजाच्या कामात मोठ्या सिस्टिम आतून बघायला मिळतात, पण धोका असा, की तुम्ही दोन वर्षं एकच पात निंदत राहता आणि वावर किती मोठं आहे हे कळतच नाही. ठेक्याच्या कंपनीत पहिल्यापासून शेवटपर्यंतचं काम दिसतं, पण डेडलाइन तुमच्या मानेवर असते. कुठंही असा, एक सवय लावा. काम मिळालं की विचारा, हे कशासाठी आहे, कोण वापरणार आहे. ज्याला ओलाव्याची कपात का करतात ते कळलं, त्याचा कोड वेगळा असतो. आणि पुढं घरच्या माणसाची जागा निघाली की असाच माणूस शोधतात.

तर मित्रांनो, आज इथं थांबू. तुमच्या ओळखीत कुणी दुकान, जिनिंग, पतसंस्था किंवा हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करून घेणार असेल तर हा भाग त्याला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी पाठवा. नंतर पाठवला तर तो तुमच्यावरच चिडेल. आणि ऑफर लेटर घेऊन बसलेला मित्र असेल तर त्यालाही. तुमचे अनुभव लिहा, कंपनीचं नाव न घेता लिहिलंत तरी चालेल.

काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.